पोरांना ग्राउंडवर कामून पाठवलं?

सोसायटीचा ग्रुप, छत्रपती संभाजीनगर. मंगळवार, रात्री ८ नंतर.

बी-२०४: आज शाळेत नववीच्या पोरींना स्तनाच्या कॅन्सरची माहिती दिली म्हणे. आम्हाला आधी कळवलं पण नाही. पोरगी घरी येऊन सरळ आजीलाच विचारायली, "आजी, तुला गाठ आहे का?" सासूबाई लई चिडल्या. हे वय आहे का हे शिकवायचं?

सी-१०१: टँकर किती वाजता?

ॲडमिन: सर, पाण्याचं पाण्याच्या ग्रुपवर 🙏

डी-४०१: आमची तर आरशासमोरून हलायला तयार नाही. एक बाजू मोठी दिसतीय म्हणून रडायली.

ए-३०२ (सिस्टर): ताई, तिला जवळ घेऊन सांगा, वयात येताना दोन्ही बाजू सारख्या वाढत नाहीत. पाळीच्या आधी दुखतं, तेही नेहमीचंच. या वयात हा कॅन्सर जवळपास होतच नाही. गाठ लागलीच तर बहुतेक वेळा साधी असते, फायब्रोॲडेनोमा म्हणतात तिला. दाखवायची मात्र. पोरींना दर महिन्याला तपासत बसा म्हणून सांगितलं असेल, तर ते चुकलंच.

बी-२०४: मग सांगायचंच कशाला?

ए-३०२ (सिस्टर): घरातल्या मोठ्या बायकांपर्यंत पोचावं म्हणून. २०२२ मध्ये देशात जवळपास १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर निघाला आणि ९८ हजारांच्या आसपास गेल्या. आमखास मैदानाजवळच्या आपल्या कॅन्सर हॉस्पिटलला जालना, बीड, परभणीहून बायका येतात. "दुखत नव्हतं म्हणून बसले" हे किती वेळा ऐकलं असेल मी.

बी-१०३: वहिनी, माझं उलटं आहे. आमच्या पोराला त्या तासाला ग्राउंडवर पाठवलं. कामून?

डी-४०१: पोरं खिदळतात हो भाऊ.

बी-१०३: खिदळू द्या दोन मिनिटं. माझ्या मावशीचं सांगतो. गावाकडं असते, घरात दोन पोरं, लेक नाही. पोराला म्हणली, "छातीत कसंतरी होतंय." तिच्या तोंडून दुसरा शब्द निघणार होता का? पोरानं मोटारसायकलवर बसवून हार्टच्या डॉक्टरकडं नेलं. ईसीजीची पट्टी काढली, नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन दोघं घरी. चार महिने! सून आली तवा न्हाणीत पाठ चोळताना तिच्या हाताला काखेत गाठ लागली. त्या पोराला एकदा जरी वर्गात कुणी सांगितलं असतं, तर त्यानं विचारलं असतं, "माय, छातीत म्हणजे कुठं?"

बी-१०३: मावशी बरी आहे आता. पण एक बाजू काढावी लागली.

ई-२०२: मुलींना आता लस निघाली ना त्याची? मग टेन्शन नाही.

ए-३०२ (सिस्टर): काका, ती गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. स्तनाच्या कॅन्सरला तशी लस नाही. आणि शंभर पेशंटमागं एखादा पुरुष असतोच, म्हणजे पोरांनाही ग्राउंडवरून बोलवा. सुई लावली की गाठ पसरते हेही डोक्यातून काढा. बायका त्याच भीतीनं तपासणी टाळतात.

बी-२०४: बघायचं काय असतं पण?

ए-३०२ (सिस्टर): न दुखणारी कडक गाठ, स्तनात नाहीतर काखेत. कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखी कातडी. बोंड अचानक आत ओढलेलं, त्यातून रक्त. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात हातानं तपासतात. मॅमोग्राफीचं चाळिशीनंतर डॉक्टरला विचारायचं.

बी-२०४: बरं. पण आधी चिठ्ठी पाठवायला पाहिजे होती, हे मी शाळेत जाऊन म्हणणारच.

बी-१०३: म्हणा की. पोरांचंही घाला त्यात.

ए-३०२ (सिस्टर): ताई, एक विचारू? आजी चिडल्या म्हणजे काय म्हणाल्या नेमकं? "नाही" म्हणाल्या का?

बी-२०४: नाही... म्हणजे तसं नाही म्हणल्या. "अभ्यास कर" म्हणल्या आणि देवघरात जाऊन बसल्या.

ए-३०२ (सिस्टर): मी येते खाली. ग्रुपवर नको.