हिरव्या त्रिकोणाचे कीटकनाशक सुटे विकता येते का?

प्रश्न : कृषी सेवा केंद्रचालक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. गेली दोन वर्षे मी गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. कपाशीवर तुडतुडे दिसू लागले की एक-दीड एकरवाले शेतकरी पाण्याची रिकामी बाटली घेऊन येतात आणि लिटरचा डबा फोडून पावशेर औषध काढून द्या, असा आग्रह धरतात. मी नकार देतो. मात्र ज्या डब्यावर हिरवा त्रिकोण असतो ते औषध बिनविषारी असते, ते सुटे देण्यात काय अडचण आहे, या प्रश्नावर मला नीट उत्तर देता येत नाही. नियम नेमका काय आहे?

उत्तर 1 : निवृत्त कृषी अधिकारी

हिरवा म्हणजे बिनविषारी, हा समज आधी दूर करायला हवा. कीटकनाशके नियम, 1971 नुसार लेबलवर कोनावर उभा केलेला चौकोन छापावा लागतो आणि त्याने लेबलचा किमान एक-सोळांश भाग व्यापलेला असावा लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंगालाच आपण त्रिकोण म्हणतो. प्रयोगातील निम्मे प्राणी दगावण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावे लागते, यावर तो रंग ठरतो : 50 पर्यंत लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजेच हिरवा रंग केवळ सौम्य विष दाखवतो. वर्षानुवर्षे अंगावर उडणाऱ्या तुषारांचे काय परिणाम होतात, हे त्या रंगावरून कळत नाही. पिवळ्या त्रिकोणाचे पॅराक्वॅट हे तणनाशक घ्या. ते लाल गटात नाही, तरी त्यावर उतारा नाही.

सुट्या विक्रीबाबत नियमात रंगाचा भेद मुळीच नाही. नियमाप्रमाणे वेष्टन आणि लेबल नसलेले कोणतेही कीटकनाशक विकता येत नाही, विक्रीसाठी ठेवताही येत नाही. लेबल आणि आतले माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत असावे लागते. आपण बाटलीत औषध ओतून देतो तेव्हा घटकाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत, विषबाधेची लक्षणे आणि उतारा, हे सगळे दुकानातच राहते.

उत्तर 2 : शेतकरी महिला, वर्धा जिल्हा

आमच्या घरी हेच घडले, म्हणून लिहिते. दिवसभर फवारणी करून आलेल्या माझ्या दिरांना संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणते औषध फवारले?" आमच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तिच्या तळाशी बोटभर पिवळसर पाणी. लक्षणे ओळखून डॉक्टरांनी अॅट्रोपिन दिले आणि दीर वाचले. पण प्रत्येक विषाला अॅट्रोपिन चालत नाही, हे त्यांनीच आम्हाला समजावून सांगितले. त्या दिवसापासून डबा रिकामा झाला तरी फवारणीनंतर काही दिवस मी त्याचे लेबल फाटू देत नाही आणि पंप भरण्यापूर्वी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवते. दादा, तुम्ही नकार देता ते योग्यच करता.

प्रश्नकर्ता

ताई, तुमचा अनुभव वाचून गिऱ्हाइकाला काय सांगायचे ते मला कळले. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते दिवस इथे कोणी विसरलेले नाही. तरीही पैशांची ओढाताण खरी आहे आणि सुट्या औषधाची मागणी त्यातूनच येते. साहेब, यावर काही मार्ग आहे का?

उत्तर 1 : निवृत्त कृषी अधिकारी

बरीच औषधे 100 आणि 250 मिलिलिटरच्या कंपनीबंद पॅकिंगमध्ये मिळतात. वितरकाकडे मागणी नोंदवताना हंगामापूर्वीच लहान पॅकिंग सांगून ठेवा. दर लिटरमागे ते थोडे महाग पडते, तरी दीड एकरवाल्याला लागेल तेवढेच औषध लेबलसह मिळते आणि उरलेले विष घरात पडून राहत नाही.