चित्रपुस्तक थोर ठरते ते चित्रांमुळे की शब्दांमुळे?

चित्रवाचक : मुलांच्या चित्रपुस्तकाचा कस लावताना कथा चांगली आहे का आणि चित्रे देखणी आहेत का, असे दोन प्रश्न आपण सुटेसुटे विचारतो. माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे : शब्दांनी चित्रासाठी काय राखून ठेवले आहे? पॅट हचिन्स यांच्या १९६८ सालच्या ‘रोझीज वॉक’मध्ये एक कोंबडी फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच मजकूर सांगतो. तिच्या मागावर असलेला कोल्हा एकाही शब्दात नाही. तो फक्त चित्रांत आहे, झडप घालायला जातो आणि कधी दाताळ्यावर पाय पडून तोंडावर मार खातो, तर कधी तळ्यात पडतो. वाचून दाखवणाऱ्याची नजर ओळीवर असते तेव्हा अक्षरओळख नसलेल्या मुलाने कोल्हा केव्हाच हेरलेला असतो. मुलाला हा मान देणारे पुस्तकच मी थोर मानतो.

नादप्रिय : ही कसोटी पहिल्या वाचनापुरतीच खरी आहे. चित्रातले गुपित एकदा कळले की कळले. तरीही मूल तेच पुस्तक रोज रात्री पुढे करते आणि आपण कंटाळून एखादा शब्द गाळला तर लगेच अडवते, ते त्या वाक्याची चाल त्याच्या कानात बसलेली असते म्हणून. आपल्याच उदाहरणातला मजकूर पाहावा : तो अख्खा मिळून ३२ शब्दांचे एकच वाक्य आहे आणि ते पानागणिक कोंबडीच्या चालीने पुढे सरकते. मोठ्याने वाचताना जीभ अडखळत असेल, तर चित्रे कितीही बोलकी असोत, ते पुस्तक कपाटातच राहते.

पानउलट : आपण दोघेही पान उलटण्याची क्रिया विसरत आहात. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते, कारण छपाईचा मोठा कागद दुमडून १६-१६ पानांचे फर्मे बनतात. म्हणजे उत्सुकता ताणायला लेखकाकडे मोजक्याच जागा उरतात. मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये चित्रे पानागणिक मोठी होत जातात, मुलगा आणि रानटी प्राणी यांच्या धिंगाण्याच्या सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही आणि शेवटचे शब्द मात्र चित्राविना येतात. कुठे कोणी गप्प बसायचे, हे इथे पानांनी ठरवले आहे.

चित्रवाचक : पानांचा मुद्दा मान्य. मात्र गुपित कळले की संपते, हे नादप्रिय यांचे म्हणणे मला पटत नाही. कोंबडीला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, ही मौज दुसऱ्या वाचनापासूनच सुरू होते. शिवाय शब्दच नसलेली उत्तम चित्रपुस्तके आहेत. चित्रच नसलेले चित्रपुस्तक मात्र संभवत नाही.

नादप्रिय : शब्द नसलेले पुस्तक हाती आले की मूल पहिल्याच पानापासून स्वतः बोलू लागते आणि पुढच्या खेपेला तीच वाक्ये त्याच क्रमाने म्हणते. तो मजकूरच आहे, फक्त छापलेला नाही.