बार्बरा हॅरिस: बिशप केलं, पण सहायकच का ठेवलं?

रानजाई: ११ फेब्रुवारी १९८९ला बॉस्टनमध्ये बार्बरा हॅरिस यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून वाढलेल्या ख्रिस्ती परंपरेतल्या त्या पहिल्या स्त्री बिशप. कृष्णवर्णीय, घटस्फोटित, विद्यापीठाची पदवी नाही. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांनी गोळीरोधक जाकीट देऊ केलं, त्यांनी ते घातलं नाही. पण पद कोणतं? मॅसॅच्युसेट्स धर्मप्रांताच्या सफ्रगन, म्हणजे सहायक बिशप. सफ्रगनला स्वतःचा धर्मप्रांत नसतो आणि मुख्य बिशप गेले की गादीवर त्याचा हक्कही नसतो. तो हक्क वारस म्हणूनच निवडलेल्या बिशपचा, म्हणजे कोअ‍ॅडज्युटरचा. २००२मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या सफ्रगनच राहिल्या. माझ्या मते चर्चने त्यांना घरात घेतलं, पण ओसरीवरच बसवलं.

पिंपळपार: साफ असहमत. 'सहायक' या शब्दाने घोळ होतो. बिशपपदाची दीक्षा एकच असते. सफ्रगनही पाळकांना दीक्षा देतो, सभासदांचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) करतो, नव्या बिशपच्या डोक्यावर हात ठेवतो. शिवाय त्यांना कोणी नेमलं नव्हतं, त्या निवडून आल्या होत्या. सप्टेंबर १९८८मध्ये धर्मप्रांताच्या अधिवेशनात पाळकांनी आणि सामान्य सभासदांनी मतं दिली. मग देशभरच्या धर्मप्रांतांच्या स्थायी समित्यांची आणि बिशपांची बहुमताने संमती लागली. ओसरीवर बसवायला एवढा खटाटोप कोण करतं?

तिसरी घंटा: माझी हरकत वेगळी आहे. स्त्रीला दीक्षा द्यायला माझा विरोध नाही. पण १९८०मध्ये पाळक आणि आठ वर्षांत बिशप, तेही सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशाळेची पदवी नसताना? माझे वडील पाळक होते. ग्रीक-हिब्रूची पुस्तकं घेऊन रात्र रात्र बसायचे. त्या अभ्यासाला काही मोल आहे की नाही? प्रतीक म्हणून कोणाला निवडलं की त्या माणसावरही अन्याय होतो.

पिंपळपार: तुमच्या वडिलांच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण तयारी फक्त वर्गात होते का? १९६४मध्ये हॅरिस मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करत होत्या. मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरीच्या मोर्चात चालल्या. तुरुंगात कैद्यांना भेटत राहिल्या. हे सगळं जनसंपर्काची नोकरी सांभाळून. २९ जुलै १९७४ला फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना चर्चची परवानगी नसताना पाळकपदाची दीक्षा दिली गेली. त्या मिरवणुकीच्या पुढे क्रूस धरून चालणारी बाई हॅरिसच होत्या. तेव्हा त्या साध्या सभासद होत्या. ही तयारी कमी म्हणायची?

रानजाई: यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. म्हणूनच तर माझा सवाल आणखी बोचतो. याच मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन बर्जेस १९६२मध्ये सफ्रगन झाले आणि १९७०मध्ये मुख्य बिशप. एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन चर्चच्या तिथल्या धर्मप्रांताचे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन प्रमुख. म्हणजे सफ्रगनपदावरून वर जाणारी पायरी तिथे होती. हॅरिस यांच्या दीक्षेनंतर पुढच्याच वर्षी, १९९०मध्ये, न्यूझीलंडच्या डनेडिनला पेनेलोपी जेमिसन थेट प्रमुख झाल्या. इंग्लंडमध्येही पाहा. २०१५मध्ये पहिल्या स्त्री बिशप लिबी लेन, पद स्टॉकपोर्टच्या सफ्रगन.

तिसरी घंटा: बर्जेस यांचा दाखला मान्य, पण वयही बघा. हॅरिस यांचा जन्म १९३०चा, निवड ५८व्या वर्षी, आणि निवृत्ती ७२ला सक्तीची. १९९४मध्ये तिथे कोअ‍ॅडज्युटर म्हणून टॉम शॉ निवडले गेले, ते पन्नाशीच्या आतले. मतदारांनी पुढची वीस वर्षं पाहिली असतील, यात दुजाभाव कशाला शोधायचा? इंग्लंडमध्येही २०१५मध्येच रेचल ट्रीवीक ग्लॉस्टरच्या प्रमुख झाल्याच.

रानजाई: ट्रीवीक यांच्यासाठी वाट मोकळी झाली ती सव्वीस वर्षांनी. इंग्लंडमध्ये तर १९९४पर्यंत स्त्रिया पाळकही होऊ शकत नव्हत्या. हॅरिस यांनी दीक्षा दिलेल्या पाळकांना तिथल्या वेदीवर मान नव्हता. तेवढी वर्षं ज्या बाईने अंगावर घेतली, तिच्या नावावर एक धर्मप्रांत असायला हवा होता. मी यावरून हटणार नाही.