सोयाबीन उगवले नाही: कंपनीला न कळवता झालेला पंचनामा ग्राहक आयोगात टिकतो का?

नमस्कार. हिंगोली जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे. यंदाच्या खरिपात वडिलांनी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातून एका खाजगी कंपनीचे सत्यप्रत (म्हणजे सरकारी प्रमाणीकरण नसलेले, कंपनीने स्वतःच लेबलवर दर्जाची हमी दिलेले) सोयाबीन बियाणे आणले आणि वाफसा पाहून चार एकरांत पेरले. ते निम्मेही उगवले नाही. त्याच दिवशी बांधाच्या पलीकडे घरचे बियाणे पेरले होते, ते मात्र व्यवस्थित उगवले. लेखी तक्रारीनंतर तालुका तक्रार निवारण समितीने शेतात येऊन पंचनामा केला आणि उगवण 70 टक्के या किमान प्रमाणापेक्षा बरीच कमी असून दोष बियाण्याचाच आहे, असा अहवाल दिला.

कंपनीचे म्हणणे असे की पाहणीची सूचना तिला मिळाली नव्हती, पेरणी खोल झाली असावी आणि प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय दोष सिद्ध होत नाही. तपासणीच्या मुद्द्याची मला फारशी काळजी वाटत नाही, कारण नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच शेतकऱ्याला ग्राहक मानले असून, विकत आणलेले सगळे बियाणे पेरणाऱ्याने तपासणीसाठी त्यातले काही राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे म्हटले आहे. (पेरणीच्या घाईत नमुना काढून ठेवणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.) खरी अडचण सूचनेची आहे. पंचनाम्यावर कंपनीच्या प्रतिनिधीची सही नाही आणि त्याला बोलावल्याची नोंदही नाही. एवढ्यावरून आयोग अहवाल बाजूला ठेवतो का? घरच्या बियाण्याच्या उगवणीचे फोटो आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडल्यास ही उणीव भरून निघेल का?

दुसरे म्हणजे, पावती वडिलांच्या नावे आणि सातबारा आजीच्या नावे आहे. आजीचे संमतीपत्र पुरेसे ठरेल, की तिलाही तक्रारदार करावे?

भरपाईत बियाणे, खत आणि दुबार पेरणीचा खर्च मागता येईल हे समजते. परंतु पेरणी लांबल्यामुळे घटणारे उत्पन्न मागायचे असेल तर मागील वर्षांच्या बाजार समितीच्या पट्ट्या (माल विक्रीच्या पावत्या) चालतात, की महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी आणावी लागते?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क लागत नाही, त्यामुळे त्या बाजूने घाई नाही. दुकानदाराला प्रतिवादी करायला मात्र वडील तयार नाहीत, कारण खते-औषधे त्याच्याकडूनच उधारीवर येतात. त्याला वगळल्यास तक्रार कमकुवत होते का?

सगळ्यात निकडीचा प्रश्न असा: कंपनीचा माणूस तेवढ्याच पिशव्या बदलून द्यायला तयार आहे, पण त्यासाठी ‘तक्रार मिटली’ अशा मजकुराखाली वडिलांची सही मागतो. पिशव्या घेऊन केवळ त्या मिळाल्याची पोच दिली, तर उरलेल्या नुकसानीचा हक्क शाबूत राहतो का? ग्राहक आयोगात अशी प्रकरणे चालवलेल्या वकिलांनी किंवा स्वतः अशी तक्रार लढवलेल्या शेतकऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.