पक्षिणीचं अंडं छोटं की मोठं?

पांडाचा आकार बघता त्याची मादी पिल्लांसाठी चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्याच्या मादीपेक्षा जास्त झिजत असणार, असं कुणालाही वाटेल; दूध पाजण्याच्या महिन्यांपुरतं ते मान्य. जन्मापर्यंतचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे. पांडाचं पिल्लू जन्मतं सुमारे १०० ग्रॅमचं, म्हणजे आईच्या वजनाच्या साधारण ९००वा भाग. गर्भ बराच काळ गर्भाशयात न रुजता राहतो. रुजल्यावर वाढीला जेमतेम एक-दीड महिना मिळतो.

आता युरोपातला ग्रेट टिट हा चिमुकला गाणारा पक्षी घ्या. मादी १८ ग्रॅमच्या आसपास, अंडं दीड-पावणेदोन ग्रॅमचं. रोज एक, अशी सात-आठ घातली की स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त झालं! अडतं ते कवचाला लागणाऱ्या कॅल्शियमपाशी. एवढ्याशा हाडांत साठा पुरत नाही, म्हणून अंडी घालण्याच्या दिवसांत ती गोगलगायींच्या शंखांचे तुकडे शोधून खाते. नेदरलँड्समधल्या काही जंगलांत प्रदूषणाने माती आम्ल होऊन तिच्यातलं कॅल्शियम कमी झालं, त्यामुळे गोगलगायी घटल्या आणि या पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची, सच्छिद्र निघू लागली; काही माद्या तर रिकाम्या घरट्यावरच बसून राहिल्या. पांडाच्या बाबतीत आपण बांबू मोजतो. इथे गोगलगायी मोजायला हव्यात, आणि ते फार कमी वेळा होतं.