शास्ती माफ, मग मुकाट भरणारे मूर्ख?

गणपत_निगडी: 'शास्तीमाफी हा गरिबांचा विजय' ही कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. अवैध बांधकामाला महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ खाली मालमत्ताकराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, दरवर्षी. पिंपरी-चिंचवडला २०२३ मध्ये ती माफ झाली, अट काय तर मूळ कर भरा. मग ज्यांनी नकाशा मंजूर करून, विकासशुल्क भरून घर बांधलं ते येडे? थकबाकीदारांच्या मिळकतीवर बोजा, म्हणजे वसुलीचा हक्क चढवा, लिलाव काढा.

सुनंदा_ताई: लिलाव कुणाचा हो? कंपनीत राबणाऱ्यांनी गुंठा-अर्ध्या गुंठ्यात घरं बांधली. प्लॉट पाडून विकणारा एजंट मोकळा, नोटीस राहणाऱ्याला. बरं, शास्ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही, तेही त्याच कलमात लिहिलंय. भरायचं कशासाठी?

गणपत_निगडी: स्वस्तात मिळत होतं तेव्हा नाही विचारलं एजंटला?

कोर्टकचेरी: भांडा, पण कायदा बघून. मालमत्ताकराचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो, कलम १४१. शास्तीही कर समजूनच वसूल करतात. म्हणजे घर विकलं की थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात. माझ्या मेव्हण्याचं हेच झालं. खरेदीखत करून नाव लावायला गेला, तर आधीच्या मालकाची बाकी पुढ्यात. विकणारा फोन उचलेना.

गणपत_निगडी: करपावती मागायची असते. शेंबडं पोरही सांगेल.

कोर्टकचेरी: मागितली होती. जुनी दाखवली. तुमच्याएवढा हुशार नाही तो, चुकलंच त्याचं.

पार्किंगपीडित: गुंठेवारी राहू द्या. आमच्या मंजूर नकाशाच्या सोसायटीत खालच्या दुकानदाराने पार्किंग बंद करून गोदाम काढलंय. तक्रार केली, पाहणीला माणसं आली, चहा पिऊन गेली. आम्ही गाड्या रस्त्यावर लावतो आणि दंडही आम्हीच भरतो.

सुनंदा_ताई: बघा! गरिबाची भिंत दिसते, शेठचं गोदाम दिसत नाही.

गाळेवाला: ऊठसूट दुकानदार का? गच्चीवर पत्रे ठोकणारे, बाल्कनी आत घेणारे फ्लॅटवाले काय धुतल्या तांदळाचे?

पार्किंगपीडित: तुमच्या गोदामात माझी गाडी मावली असती, बाल्कनीत मावत नाही!

गाळेवाला: माझं गोदाम? तुम्ही राहता कुठे तेही मला माहीत नाही. तोंड सांभाळा.

सुनंदा_ताई: अहो, भांडण शास्तीचं होतं.

गणपत_निगडी: ठीक आहे ताई, एजंट सापडला तर त्याच्या बंगल्यावर बोजा टाका, मी हार घालायला येतो. पण सरसकट माफी नाही म्हणजे नाही. निवडणुका आल्या की पुढची माफी ठरलेलीच.

पार्किंगपीडित: आणि गोदामाचं?