जुनी इटालियन स्पोर्ट्स कार: घेतानाचे आणि सांभाळतानाचे अनुभव

अल्फा रोमिओ, फियाट, लान्चिया, फेरारी, मासेराटी, कुठलीही चालेल. ज्यांनी जुनी इटालियन स्पोर्ट्स कार दुसऱ्याकडून घेतली आणि आजही चालवताहेत, त्यांनी इथे सविस्तर लिहावं. घेताना काय तपासलं, ताब्यात आल्यावर पैसे कशात गेले, कोणती कामं स्वतःच्या हाताने केली, हे हवं आहे. या गाड्या नाजूक म्हणून बदनाम आहेत आणि ती बदनामी मला मनापासून खुपते. माझ्या मते त्यांना वापरणारे हात हवेत, एवढंच. सुरुवात मीच करते.

माझी अल्फा रोमिओ स्पायडर २०००, १९७४ ची. हे मॉडेल १९६६ मध्ये आलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिलं, त्यामुळे बरेचसे सुटे भाग आजही नवे मिळतात. घेताना इंजिन मी सगळ्यात शेवटी बघितलं. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, बदलता येणारे लायनर (सिलिंडरच्या आतली नळकांडी), टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला, बेल्टऐवजी चेन. असं इंजिन पुन्हा नीट बांधता येतं. पत्र्याचं तसं नाही. या गाडीला छप्पर नाही, म्हणून बराचसा भार दाराखालच्या सिलवर असतो, आणि ती सिल आत थरांची असते. बाहेरून रंग चकचकीत आणि आतला थर गंजून गेलेला, अशा गाड्या मी पाहिल्यात. मी गाडी एका बाजूने जॅकवर घ्यायला लावली आणि त्या बाजूचं दार उघडून-लावून बघितलं. दाराभोवतीची फट आधी होती तेवढीच राहिली, दार कुठे घासलं नाही, तेव्हा पुढचं बोलणं सुरू केलं. सिलच्या खालच्या कडेवरून चुंबकही फिरवला. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे असं समजा.

दुसरा गिअर थंड असताना घासतो, हे या गिअरबॉक्सचं जुनंच दुखणं. सिंक्रो (गिअर न घासता जुळवून देणारी रिंग) तिथेच आधी झिजतो. गिअरबॉक्सचं तेल तापेपर्यंत मी दुसरा टाकताना क्लच दोनदा दाबते, घाई करत नाही. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट बघा. तेलाच्या वाटांवर छोट्या रबरी रिंगा असतात, त्या कडक होतात.

* * *

फियाट १२४ स्पायडर. वर चेनचा उल्लेख आला म्हणून आधी बेल्टबद्दल. आमच्या गाडीचं ट्विन-कॅम इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचं, तेच पूर्वी फेरारीची इंजिनं करायचे. त्याला दातेरी रबरी बेल्ट आहे. बेल्ट किती किलोमीटर चालला यापेक्षा किती वर्षं बसवलेला आहे ते विचारा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. विकणारा "बदललाय" म्हणाला आणि बिल दाखवलं नाही, तर बदललेला नाही असंच धरायचं. टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं) बेअरिंग त्याच वेळी बदलायचं.

माझ्या लेखी बेल्टहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेट्रोलच्या नळ्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. कार्ब्युरेटर तापलेल्या इंजिनाला लागूनच असतो. नळी वाकवून बघा. पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या तर गाडी तिथून हलवू नका. मी सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या, क्लिप नव्या लावल्या, आणि हाताशी अग्निशामक ठेवला. घेताना बॉनेट उघडून पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे मनोरे बघायला विसरू नका, तिथला गंज सगळ्यात वाईट.

* * *

फेरारी ३०८ जीटीबी, कार्ब्युरेटरवाली. ही गाडी १९७५ मध्ये पॅरिसला दाखवली गेली. सुरुवातीच्या गाड्यांची बॉडी फायबरग्लासची होती. माझी नंतरची, पोलादी.

मला दोन गाड्यांतून निवड करायची होती. एक फारच कमी चाललेली, वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली. दुसरी तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त चाललेली, सीटच्या कातड्याला सुरकुत्या, पण सोबत बिलांची जाडजूड फाइल. मी दुसरी घेतली आणि पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. उभ्या राहिलेल्या गाडीत टाकी आतून गंजते, ब्रेकचे पिस्टन जाम होतात, ऑइल सील सुकतात, टायर नवे दिसले तरी कडक झालेले असतात. (टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्की वाचा.) फाइलमध्ये मी पाहिलं ते बेल्टचं बिल. या व्ही-८ ला दोन बेल्ट आहेत आणि ते बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. फेरारीच्याच ३४८ ला मात्र उतरवावं लागतं. विकत घेण्याआधी हा फरक माहीत असलेला बरा, कारण खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो. सौदा करण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन (दाब किती बनतो) आणि लीक-डाउन (तो किती गळतो) टेस्ट करून घेतली. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आठही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा.

कार्ब्युरेटर चार, प्रत्येकाला दोन नळे, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटा. ते एका सुरात आणायला हवा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. एकेका नळ्यावर ते धरायचं, काटा बघायचा, स्क्रू किंचित फिरवायचा, पुढच्या नळ्यावर जायचं, आणि शेवटी पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. हे काम मी स्वतः करतो. बरोबर जमलं की आयडलला इंजिनाचा आवाज एकदम बदलतो, धडधड जाऊन सलग होतो. एकच सांगतो: आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची ठरलेली फट), मग प्लग आणि टायमिंग, मग कार्ब्युरेटर. क्रम उलटा केला तर कितीही स्क्रू फिरवा.

विजेच्या तक्रारी आल्या तर इटालियन वायरिंगला नावं ठेवण्याआधी फ्यूज बॉक्स काढून बघा. टोकं सैल होतात, तापतात, प्लास्टिक वितळतं. मी टोकं साफ केली, बॉडीकडे जाणारे अर्थिंगचे सांधे घासून घट्ट केले आणि हेडलाइटना रिले लावले. निम्म्याहून जास्त कटकट तिथेच संपली.

* * *

लान्चिया फुल्व्हिया कूपे. घेण्याआधी बऱ्याच गाड्या नाकारल्या आणि कारण बहुतेक वेळा तेच: इंजिन ज्या पुढच्या सबफ्रेमवर (वेगळ्या चौकटीवर) बसतं, ती बॉडीला जोडलेली असते तिथला पत्रा सडलेला. इंजिन सुंदर आहे, अरुंद कोनाचं व्ही-४, दोन्ही ओळींना मिळून एकच हेड. पण ते आवडलं म्हणून सबफ्रेमकडे दुर्लक्ष करू नका. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, गाडी उभी ठेवली तर तेच आधी जाम होतात. मी दर आठवड्याला बाहेर काढते आणि तेल पुरतं तापेपर्यंत चालवते. पाण्याचा काटा लवकर वर येतो, तेलाला त्याहून वेळ लागतो.

* * *

स्पायडरवाल्या ताई, चॅसी नंबर मूळचा आहे का हे तुम्ही कसं पडताळलं? विकणारा रंगही मूळचाच आहे म्हणतोय.

* * *

अल्फा असेल तर मिलानजवळच्या आरेझेमधल्या संग्रहालयात कंपनीचं दस्तऐवज केंद्र आहे. चॅसी नंबर दिला की गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, अशी माहिती नोंदींवरून मिळते. मी आधी ती मागवली, नंतर बयाणा दिला. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर स्वतः वाचा, फोटोवर विसंबू नका.

* * *

माझ्याकडे फियाट एक्स१/९ आहे, पण ती फार गरम होते. इंजिन मागे, रेडिएटर पुढे. थर्मोस्टॅट नवा आहे, पंपही नवा. आता कुठे बघू?

* * *

हवा अडकली असणार. पाण्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून पुढे जातात, तिथे हवा हमखास राहते. गाडीचं नाक जॅकवर उचला, हीटरचा नळ पूर्ण उघडा, आणि रेडिएटरच्या वरच्या स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश पाणी भरा. इंजिन थंड असतानाच करा. तरीही तापली तर पोटाखालच्या त्या नळ्या कुठे चेपल्या आहेत का बघा. चुकीच्या जागी जॅक लावल्याने त्या दबतात.